मोजणीला आलेलं घर

“होस्टेल म्हनायची गरज काय होती तुमाला?” छबुबाईंनी हातातलं सूप खाली आपटलं. “त्या पोरानं इचारलं मागं काय हाय, तर म्हनायचं खोली हाय. खोलीला खोली म्हनाया जीभ झडत होती का?”

बायकोकडं न बघता मोहनराव नागरगोज्यांनी चष्मा पुसून खिशात ठेवला. नगरपंचायतीची नोटीस त्यांच्या मांडीवर पालथी पडली होती. गावच्या सोसायटीचे चेअरमन असताना त्यांनी किती जणांना नोटिसा काढल्या, त्याचा हिशेब नव्हता. स्वतःच्या नावाची मात्र ही पहिलीच.

छबुबाई बोलत होत्या ते खरंच होतं. दर चार वर्षांनी घरपट्टी नव्यानं ठरते, त्यासाठी दिवाळीनंतर एका खासगी कंपनीची पोरं गळ्यात ओळखपत्रं अडकवून गल्लोगल्ली फिरत होती. त्यातला एक जण मागच्या लांब खोलीपाशी येऊन थांबला. भिंतीकडेला पत्र्याच्या पेट्या, खुंट्यांवर दप्तरं, दोरीवर शाळेचे निळे शर्ट. “हे काय आहे, काका?” त्यानं विचारलं. बैठकीत परळीचे दोन पाहुणे बसलेले. मोहनरावांनी त्यांच्याकडं एकवार बघितलं आणि छाती पुढं काढून सांगितलं, “होस्टेलच म्हना की. आमची सून चालवती. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं हायती.” पोरानं टॅबवर बोट फिरवलं आणि तो पुढच्या घराकडं गेला. नोटिशीत आता त्या खोलीपुढं ‘व्यावसायिक, वसतिगृह’ असं छापून आलं होतं, आणि सगळ्या घराची पट्टी तिपटीच्या पुढं गेली होती.

रविवार होता म्हणून सगळे घरात होते. धाकटा मुलगा रामप्रसाद, ज्याचं स्टँडजवळ पाइप-फिटिंगचं दुकान होतं, खुर्चीच्या काठावर बसला होता. त्याची बायको वर्षाराणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मेथी निवडत होती. आणि थोरली सून सत्यशीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा नवरा हनुमान जाऊन आठ वर्षं झाली, तरी सासऱ्यांसमोर बसायची सवय तिला लागली नव्हती.

“दादा, मी सरळ सांगतो,” रामप्रसाद वडिलांना म्हणाला. “औंदा गप भरून टाकू. पुढच्या सालापासून पोरं ठेवायची न्हाईत. खोलीला कुलूप लावू. पोरंच न्हाईत तर होस्टेल कशाचं?”

“भावजी,” सत्यशीला दारातूनच म्हणाली, “नोटिशीच्या पाठीमागं लिवलंय. आकारणी मान्य नसली तर मुदतीत हरकत घ्या. सुनावणी होईल म्हणून.”

“वाचलंय मी. पन वैनी, हरकत घेतली की सायब मोजायला येतो. मागची खोली बघंल अन् खालच्या खालीच परत जाईल, असं वाटतं का तुमाला?”

सगळ्यांच्या नजरा आपोआप वर, छताकडं गेल्या. वर दोन खोल्या आणि मोरी होती. तीन वर्षांपूर्वी रामप्रसाद आणि वर्षाराणीनं बांधलेल्या. बांधायचा परवाना घेतला होता, पण बांधून झाल्याचं नगरपंचायतीला कुणी कळवलंच नव्हतं. दिवाळीनंतर ती मोजणीची पोरं आली तेव्हा जिन्याच्या दाराला कुलूप होतं, आणि त्यांनी ते उघडायला लावलं नव्हतं. नोटिशीत नागरगोज्यांचं घर एकमजलीच होतं.

“म्हणजे तुमच्या वरच्या खोल्या झाकायसाठी माझी खालची खोली बंद करायची,” सत्यशीला म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण छबुबाईंचा सुपाकडं गेलेला हात थांबला. ही सून असं कधी बोलत नसे.

“तुमची कशी, वैनी? घर दादांचं हाय.”

“रामा!” छबुबाई म्हणाल्या.

मोहनरावांनी हात वर केला. “हरकत-बिरकत काय करायची न्हाई अन् कुलूप बी लावायचं न्हाई. मी फोन लावतो.”

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा चढवला आणि ज्या नेत्याच्या प्रत्येक सभेत ते पहिल्या रांगेत बसले होते, त्याच्या माणसाला फोन लावला. फोन कुणा नव्याच पोरानं उचलला. मोहनरावांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग आपण कुठल्या साली काय केलं तेही सांगितलं. पलीकडून आदरानंच उत्तर आलं, “काका, टॅक्सचं आता आपल्या हातात काय राहिलं नाही. तुम्ही रीतसर अर्ज द्या. फोटो काढून मला पाठवा, मी बघतो.”

मोहनरावांनी फोन खिशात ठेवला. चष्मा काढायचं राहूनच गेलं. मान खाली घालून ते नोटिशीकडं बघत बसले, आणि हा माणूस म्हातारा झालाय हे छबुबाईंना तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

·

वर्षाराणी मेथी घेऊन वर गेली. मागोमाग रामप्रसाद आला.

“तू एक शब्द बोलली न्हाईस,” तो म्हणाला.

“काय बोलू? तुम्ही बोललात तेवढं पुरे झालं. घर दादांचं आहे म्हणालात ना आक्कांना? मग हे वरचं कोणाचं?”

“आपलं.”

“कशावरून?”

रामप्रसाद हसला. “कावून असं इचारती? तुझ्या पगारातून बांधलं. आख्ख्या गावाला म्हाईत हाय.”

वर्षाराणीनं खिडकी उघडली. खाली अंगणात मागच्या खोलीतली पोरं लगोरी मांडून बसली होती. पहिल्या वर्षी तिला या पोरांचा त्रास व्हायचा. शाळेतून दमून यावं तर घरातही शाळाच भरलेली. हे सगळं सुरू झालं ते सत्यशीलाची मुलगी रोहिणी नर्सिंगला अंबाजोगाईला गेली तेव्हा. त्या हिवाळ्यात मागच्या गल्लीतला बिभीषण कारखान्यावर निघाला होता. त्याच्या दोन्ही लेकरांना सत्यशीलानं गाडीतून उतरवून घेतलं. ‘राहू दे माझ्याकडं, शाळा बुडती,’ एवढंच म्हणाली. पुढच्या साली आणखी आली. वर्षाराणीच्या वर्गातलीच पोरं ती. आधी दिवाळीला जायची आणि पाडव्याला परत यायची, तेव्हा बाराखडीसुद्धा पुसून गेलेली असायची. आता यायची नाहीत, कारण जायचीच नाहीत. हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. जावेलाही नाही.

“वास्तुशांतीला माझी आई धर्मापुरीहून आली होती,” ती म्हणाली. “खोल्या बघितल्या, फरशीवरून हात फिरवला आणि विचारलं, नाव कुणाचं लावलं? मी हसले. म्हटलं, लावू सावकाश. तीन वर्षं झाली.”

“नाव लावलं की पट्टी लागती, वर्षा. साधा हिशोब हाय.”

“मी भरते ना पट्टी! तुमच्याकडं मागितली का?” ती वळली. “कुलूप घालून ठेवलेलं, कुणाला दाखवायचं नाही असं घर. मोजणीवाले आले तर मी शाळेतून फोन करून विचारायचं, गेले का म्हणून. चोरी केल्यासारखं वाटतं मला माझ्याच घरात.”

रामप्रसादनं खिडकी लोटून घेतली. मग म्हणाला, “वैनींची बाजू घेती तू.”

“मी कुणाचीच घेत नाही,” वर्षाराणी म्हणाली. पण हे बोलतानाच तिला जाणवलं, की हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही.

·

हरकतीचा अर्ज सत्यशीलानंच लिहिला. दहावीपर्यंतचं शिक्षण, पण अक्षर टपोरं. लिहून झाल्यावर तिनं तो मोहनरावांच्या पानसुपारीच्या डब्याखाली ठेवला. घर त्यांच्या नावावर, म्हणून सही त्यांचीच लागणार होती. दोन दिवस अर्ज तिथंच होता. पान खायला डबा उचलायचा, अर्ज बघायचा, पुन्हा डबा ठेवायचा, असं चाललं होतं. एकीकडं हयात असलेला मुलगा, दुसरीकडं गेलेल्या मुलाची बायको. सही केली तरी कुणाचं तरी मन मोडणार, आणि नाही केली तरी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बिभीषणचा फोन आला. तो नेहमी मोहनरावांच्याच फोनवर यायचा, कारण त्या फोनचा आवाज मोठा. पोरं भोवती जमली. पलीकडं ऊस भरलेल्या ट्रॅक्टरचा घरघराट चालला होता, काही ऐकू येत नव्हतं.

“भामे,” बिभीषण ओरडत होता, “तुझी माय म्हनती, वाचून दाखव काय तरी. परवा म्हनलीस ना वाचाया येतंय.”

त्याची मुलगी सत्यभामा दुसरीतली. तिनं पुस्तक आणलं आणि फोनजवळ तोंड नेऊन मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. धडा मुंग्यांचा होता. पहिल्या ओळीत ती दोनदा अडखळली. तेवढ्यात पलीकडून एक बाई कडाडली, “आवो, बंद करा की ते ट्रॅक्टर! लेकरू वाचतंय माझं!”

आणि ट्रॅक्टर बंद झाला. तिकडं, कुठल्या तरी दूरच्या रानात, एकदम शांतता पसरली. सत्यभामा वाचत राहिली. मोहनरावांनी फोन तळहातावर धरला होता, दिवा धरतात तसा. त्यांचा हात अवघडला, पण त्यांनी तो हलवला नाही. धडा संपला. मग बिभीषणचा घोगरा आवाज आला, “संपलं का गं? आजून असंल तर वाच.”

पोरं जेवायला पळाली. मोहनरावांनी डबा बाजूला सरकवला.

“सत्यशीला, पेन आन.”

तिनं पेन आणून दिलं. त्यांनी सही केली, नेहमीसारखी लांबलचक, शेवटी दोन रेघा ओढून.

“रामाला मी सांगतो,” ते म्हणाले. “तू काय बोलू नको.”

“बरं, मामा.”

रामप्रसादला त्यांनी सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठला. आठवडाभर खाली जेवायला आला नाही.

·

सुनावणी नगरपंचायतीच्या सभागृहात होती. बाहेर बाकांवर माणसं दाटीनं बसलेली. कुणाच्या गोठ्याला दुकान लिहिलं होतं, कुणाच्या पत्र्याला स्लॅब. मोहनराव उपरणं सावरत थेट दाराकडं निघाले. शिपायानं नमस्कार केला आणि म्हणाला, “दादा, नाव पुकारल्यावर. बसा ना.” मोहनराव थबकले. सत्यशीलाला वाटलं, आता हे परत फिरणार. पण ते आले आणि बाकावर तिच्या शेजारी बसले. सासरा आणि सून आयुष्यात पहिल्यांदाच एका बाकावर बसले होते. दोघंही समोरच्या भिंतीकडं बघत राहिले.

“तूच बोल आत,” थोड्या वेळानं मोहनराव म्हणाले. “मी बोललो की काय होतं, बघितलंस ना.”

आत मूल्यांकन अधिकारी कुलथेमॅडम होत्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं तुटक. त्यांनी अर्ज वाचला.

“वसतिगृह नाही म्हणता. नोंदणी आहे का कुठं? अनुदान?”

“न्हाई, मॅडम.”

“पाटी? बोर्ड?”

“न्हाई.”

“मुलांकडून काही घेता?”

सत्यशीलानं क्षणभर विचार केला. ‘न्हाई’ म्हणून टाकणं सोपं होतं. “दिवाळीला जाताना कुणी ज्वारी आणून टाकतं, कुणी तूर,” ती म्हणाली.

शेजारी मोहनराव अस्वस्थ झाले. कुलथेमॅडमनी पेन उचललं. “म्हणजे मोबदला.”

“मोबदला कसला, मॅडम? ते त्या लेकरांच्याच पोटात जातं. ज्वारी त्यांची, लेकरं त्यांची. चूल तेवढी माझी.”

मॅडमनी मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं. “कशासाठी करता मग?”

या प्रश्नाची तयारी सत्यशीलानं केली नव्हती. अर्जात हे लिहिलेलं नव्हतं. “माझी मुलगी शिकायला गेली,” ती म्हणाली. “त्या साली सांजच्याला भाकरी करायला बसले, तर तिच्या दोन भाकरींचं पीठ उगाच मळलं जायचं. सासूबाईंची चूल निराळी न्हाई, सगळं घर एकत्रच हाय, तरी बी… मला ते पीठ बघवायचं न्हाई. आता मोठी परात लागती.” ती थांबली. “एवढंच हाय. दुसरं काय न्हाई.”

मॅडम मोहनरावांकडं वळल्या. “आणि तुम्ही स्वतः होस्टेल आहे असं सांगितलं होतं?”

“सांगितलं,” मोहनराव म्हणाले. “फुशारकी होती, मॅडम. पावन्यांपुढं.”

कुलथेमॅडम ओठांच्या कोपऱ्यातून हसल्या. “फुशारकीवर अजून कर नाही.” मग लगेच गंभीर झाल्या. “पण नुसत्या बोलण्यावर मी वापर बदलू शकत नाही. बुधवारी जागेवर येऊन बघते. आणि आले की सगळं घर बघावं लागेल. सगळं.”

शेवटचा शब्द सत्यशीलाच्या कानात राहिला. घरी आली ती थेट जिना चढून वर गेली. तीन वर्षांत ती वर आली ती वास्तुशांतीला आणि एकदा वर्षाराणी आजारी होती तेव्हा, एवढीच.

“वर्षा, बुधवारी त्या बाई येनार,” ती दारातच म्हणाली. “सगळं बघनार म्हनाल्या. तुला आधी सांगावं म्हणून आले. कुलूप लावायचं का न्हाई, ते तुमचं तुमी ठरवा. मी आपनहून एक अक्षर बोलनार न्हाई.”

“आणि त्यांनी विचारलं तर?”

“इचारलं तर खोटं न्हाई बोलता येनार मला.”

वर्षाराणी तिच्याकडं बघत राहिली. धमकी द्यायला आलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. “आत या, आक्का,” ती म्हणाली. “दारात कावून उभ्या?” तिच्या तोंडून शाळेची भाषा गळून पडली होती, ते तिच्याही लक्षात आलं नाही. “चहा टाकते.”

·

बुधवारी रामप्रसादनं दुकान उघडलं नाही. जिन्याच्या दाराला सकाळीच कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि अंगणात येऊन उभा राहिला. वर्षाराणी शाळेत गेली होती. जाताना ती काही बोलली नव्हती, आणि ती गप्प असली की रामप्रसादला जास्त भीती वाटायची.

कुलथेमॅडम एका कर्मचाऱ्याला घेऊन आल्या. त्याच्या हातात टेप होता. मागची खोली मोजली. पोरं शाळेत होती. पेट्या, दप्तरांच्या रिकाम्या खुंट्या आणि कोपऱ्यात घड्या घातलेल्या वाकळा तेवढ्या होत्या. मॅडमनी वाकून एक वाकळ चाचपून बघितली.

“ह्या कुणी शिवल्या?”

“मी अन् सासूबाईंनी.”

“माझ्या जुन्या लुगड्याच्या हायती,” छबुबाई म्हणाल्या. “लई उबदार. तुमाला पायजे का एक?”

“नको, आजी. मी सरकारी माणूस.”

मग त्या अंगणात आल्या, आणि त्यांची नजर वर गेली. गच्चीच्या कठड्यामागं खिडकीचं तावदान उन्हात चमकत होतं. दोरीवर साडी वाळत होती.

“वर काय आहे?”

“काय न्हाई, मॅडम,” रामप्रसाद म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज बारीक वाटला. “अडगळ हाय. जुनं सामान.”

सत्यशीला जमिनीकडं बघत होती. मोहनराव खाकरले. कुणी बोलायच्या आधीच फाटकाची कडी वाजली. वर्षाराणी आत आली, खांद्यावर पर्स, चेहरा घामेजलेला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून भराभर चालत आली होती.

“अडगळ नाही,” ती म्हणाली. “दोन खोल्या आणि मोरी आहे. मी राहते तिथं.”

तिनं पर्समधून दुसरी किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. रामप्रसाद तिला अडवू शकला असता; जिना अरुंद होता, नुसतं पुढं होऊन उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण ती त्याच्या शेजारून वर गेली तेव्हा तिनं त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. थकवा होता. ‘चोरी केल्यासारखं वाटतं,’ ती म्हणाली होती, आणि आत्ता अडगळ म्हणताना त्यालाही नेमकं तसंच वाटलं होतं.

तोही वर गेला.

वर वर्षाराणी मॅडमना परवान्याचा कागद दाखवत होती. मोजणारा माणूस एकटाच टेप ओढत होता. त्याचं दुसरं टोक सारखं भिंतीवरून निसटत होतं. तीनदा निसटलं. चौथ्यांदा रामप्रसादनं वाकून ते उचललं आणि कोपऱ्यात घट्ट दाबून धरलं.

“इथून धरा, भाऊ. इथं प्लास्टर सरळ हाय. मी उभा राहून करून घेतलंय.”

वर्षाराणीनं कागदावरून मान वर केली नाही. पण ती बोलता बोलता थांबली, ते त्याला कळलं.

मोजणी संपल्यावर सगळे खाली बैठकीत आले. कुलथेमॅडमनी पाणी घेतलं आणि सांगितलं, “मागची खोली निवासी धरायला मला अडचण दिसत नाही. वरचं बांधकाम मात्र यादीत येईल, त्यावर पट्टी लागेल, आणि ते आधी कळवलं नाही म्हणून काही दंडही पडेल. परवाना आहे, त्यामुळं फार नाही. एकूण नोटिशीपेक्षा बरंच कमी होईल, मागच्यापेक्षा जास्त.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “वरच्या भागात कोण राहतं म्हणून लिहू? घर तुमच्या नावावर आहे, मोहनराव. तुम्ही सांगा.”

मोहनरावांनी रामप्रसादकडं बघितलं. हे घर त्यांच्या वडिलांच्या नावावरून त्यांच्या नावावर आलं होतं. पुढं पोराच्या नावावर जाणार, हे कधी वेगळं बोलावंही लागलं नव्हतं. रामप्रसाद बोटांना लागलेला चुना पुसत होता. त्यानं वडिलांकडं बघितलं आणि मानेनंच जिन्याच्या पायरीवर बसलेल्या बायकोकडं खूण केली.

“लिवा,” मोहनराव म्हणाले. “वर्षाराणी रामप्रसाद नागरगोजे.”

वर्षाराणीनं पदर उगाच नीट केला.

“अन् मागच्या खोलीला?” छबुबाई मध्येच बोलल्या. सगळे त्यांच्याकडं वळले. “तिथं बी कोन तरी ऱ्हातंच की. हनुमान गेल्यापसून माझी सून तिथंच निजती, लेकरं आली तरी अन् गेली तरी. तिचं नाव घाला.”

“आत्याबाई, राहू द्या,” सत्यशीला पुटपुटली.

“तू गप. लई वर्सं ऱ्हाऊ दिलं.”

कुलथेमॅडमनी पेन थांबवलं. “आजी, एक समजून घ्या. या यादीत नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली असं नसतं. राहतं कोण, एवढंच त्यात येतं.”

“राहतं कोन तेच तर लिवायचं हाय, बाई,” छबुबाई म्हणाल्या. “मालकीचं मेल्यावर बघू.”

मोहनराव मोठ्यानं हसले. दिवाळीपासून त्यांना कुणी असं हसताना बघितलं नव्हतं. “लिवा, मॅडम. सत्यशीला हनुमान नागरगोजे.”

नवऱ्याचं नाव मोठ्यानं, पुऱ्या घरासमोर उच्चारलेलं ऐकून सत्यशीला आत निघून गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज आला. त्या दिवशी चहात साखर जरा जास्तच पडली होती. मॅडमनी तक्रार केली नाही.

·

निकाल शिमग्याच्या आसपास आला. मॅडम बोलल्या होत्या तसाच. वर्षाराणीनं तिच्या भागाची पट्टी स्वतः जाऊन भरली. पावती धर्मापुरीला आईला फोनवर पाठवली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मग फोन करून वाचूनही दाखवली. रामप्रसाद अजून वैनींशी मोजकंच बोलायचा. पण मागच्या खोलीतला गळका नळ त्यानं न सांगता बदलून दिला, आणि सत्यशीलानंही त्याच्या ताटात तुपाची धार जरा मोठी सोडली.

पाडव्याच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्या परत यायला लागल्या. बिभीषण आला, लेकरांना घेऊन गेला. जाताना सत्यभामा आपली पेटी न्यायला तयार होईना. “पुन्हा यायचंच हाय की,” ती म्हणाली, आणि पेटी तिथंच राहिली.

त्या संध्याकाळी वडारवस्तीपलीकडची भिवराबाई फाटकाशी येऊन उभी राहिली. सोबत दोन मुली, तेलानं चापून वेण्या घातलेल्या. आत ये म्हटलं तरी ती येईना.

“आक्का, पुढल्या साली माझ्या बी दोघी ठेवता का?” ती म्हणाली. “थोरली आता मोठी हुतीया. फडावर खोपीत… न्हाई ठेवू वाटत तिला. पन तुमच्याकडं समदी पोरं असत्यात, एकाच खोलीत. मोठ्या पोरींचं कसं करावं, म्हनून आधी इचारायला आले. न्हाई जमलं तर न्हाई.”

सत्यशीलानं थोरलीकडं बघितलं. बारा-तेरा वर्षांची, ओढणी दोन्ही हातांनी धरून उभी. सत्यशीलाला ‘हो’ म्हणायचं होतं. पण खोली एकच होती, आणि हे तिलाही ठाऊक होतं. ती काय सांगावं याचा विचार करत होती, तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

“आक्का!” वर्षाराणीनं खाली वाकून हाक मारली. शाळेच्या वह्या तपासता तपासता ती ऐकत असावी. हातात लाल पेन तसंच होतं. “मुलींना वर पाठवा ना. इकडची एक खोली रिकामीच असते.”

तिच्यामागून रामप्रसादचा आवाज आला, “आगं, माझं सामान हाय तिथं.”

“हलवू उद्या,” वर्षाराणी म्हणाली.

भिवराबाईची धाकटी तोवर फाटकातून आत शिरली होती आणि जिन्याच्या पायऱ्या चढायला लागली होती.